परिचिताचे अर्थकारण आणि नवतेचा प्रश्न : व्हिडिओ गेम-मालिकांच्या इतिहासासंदर्भात

१

व्हिडिओ गेमविषयीच्या लेखनात एक तक्रार सातत्याने आढळते. मोठ्या कंपन्या नवे काही निर्माण करण्याचे धाडस करीत नाहीत, ग्राहकांच्या परिचयाच्या झालेल्या मालिकांचेच पुढचे भाग त्या काढीत राहतात, अशी ही तक्रार. तिच्यामागे एक मूल्यभाव गृहीत असतो. नवनिर्मिती म्हणजे प्रतिभा व धैर्य. पुनरावृत्ती म्हणजे आळस व लोभ. कंपन्यांच्या बाजूने दिले जाणारे उत्तरही याच चौकटीतले असते. निर्मितीचा खर्च अवाढव्य आहे, ग्राहक परिचित नावच विकत घेतो, सबब नव्याचा धोका परवडत नाही. दोन्ही पक्षांना 'नवे' आणि 'परिचित' या दोन कोटी स्वयंस्पष्ट वाटतात. वादाचा विषय एवढाच, की कंपन्यांनी या दोहोंपैकी कशाची निवड करावी.

या कोटी वस्तुतः तितक्या स्वयंस्पष्ट नाहीत. साहित्यविचाराला हे नव्याने सांगावे लागू नये. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात नेमका हाच प्रश्न उपस्थित केला आहे. पूर्वसूरींनी सारे काही सांगून ठेवले असेल तर नंतरच्या कवीला करण्यासारखे काय उरते? त्याच्या विवेचनात दोन काव्यांमधील साम्याला 'संवाद' अशी संज्ञा आहे व त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिले साम्य प्रतिबिंबासारखे असते. त्याला स्वतःचा आत्माच नसतो. दुसरे चित्रासारखे असते. त्यातला आत्मा क्षीण असतो. तिसरे साम्य दोन सारख्या दिसणाऱ्या देहधारी व्यक्तींमधले असते, आणि येथे साम्य असूनही प्रत्येकाचा आत्मा स्वतंत्र असतो. पहिली दोन साम्ये कवीने टाळावीत. तिसरे टाळण्याचे कारण नाही. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या वर्गीकरणाचा विस्तार केला. मराठी वाचकाला मोरोपंतांचे उदाहरण जवळचे आहे. परंपरा त्यांच्या नावावर १०८ रामायणे सांगते. एकच कथा, पण प्रत्येक वेळी स्वतःवर घालून घेतलेले रचनेचे बंधन वेगळे. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून रचलेले निरोष्ठ रामायण त्यांपैकीच एक.

पाश्चात्त्य विचारातही हा प्रश्न निकालात निघालेला नाही. हॉर्कहायमर व अडोर्नो यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डायलेक्टिक ऑफ एन्लायटनमेंट'मध्ये संस्कृती-उद्योगाची जी चिकित्सा केली, तीत पुनरावृत्ती हे वर्चस्वाचे साधन ठरते. उंबेर्तो एको यांनी १९८५ साली मालिकात्मक कलाकृतींविषयी जे विवेचन केले, त्यात पुनरावृत्ती व नावीन्य यांना परस्परविरोधी मानण्याची सवय हीच आधुनिक सौंदर्यशास्त्राची मर्यादा म्हणून पुढे येते. हे दोन्ही विचार व्हिडिओ गेमच्या इतिहासाला लावून पाहिले, तर दोहोंपैकी एकही पूर्णतः पुरेसा ठरत नाही. पुनरावृत्ती कोणाच्या मालकीची, हा तिसरा प्रश्न त्या इतिहासात पुन्हा पुन्हा समोर येतो.

२

घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार पहिल्यांदा वाढला तो उसन्या परिचयाच्या बळावर. अटारी या अमेरिकन कंपनीने १९७७ साली आपले व्हीसीएस हे यंत्र बाजारात आणले. त्याची विक्री खऱ्या अर्थाने वाढली ती १९८० साली, जपानच्या ताइतो कंपनीच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) या आर्केडमधल्या खेळाची घरगुती आवृत्ती परवान्याने काढल्यावर. सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून खेळलेला खेळ आता घरी खेळता येईल, या आश्वासनावर ग्राहक यंत्र विकत घेऊ लागला. परिचय यंत्राच्या आधी पोहोचला होता.

याच काळात अटारीतील रचनाकारांना आपल्या कृतीवर नाव घालण्याची मुभा नव्हती. 'अॅडव्हेंचर' या खेळाचा कर्ता वॉरन रॉबिनेट याने खेळाच्या आत एक गुप्त दालन रचून त्यात स्वतःचे नाव लपवले, ही घटना पुढे पुष्कळदा विनोदाने सांगितली गेली. पण तीत कर्तृत्वाचा एक गंभीर प्रश्न आहे. खेळाचे नाव कंपनीच्या मालकीचे, आणि कर्त्याचे नाव मात्र दडवावे लागणार. श्रेय व मोबदला यांवरून नाराज झालेल्या अटारीच्या काही प्रोग्रॅमरांनी १९७९ साली बाहेर पडून अॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि रचनाकारांची नावे वेष्टनावर छापण्यास प्रारंभ केला. डेव्हिड क्रेन याचा 'पिटफॉल' (१९८२) या धोरणाचे फलित. नवतेची मागणी येथे कर्त्याच्या ओळखीच्या मागणीशी जोडलेली होती, हे ध्यानात ठेवावे लागते.

अटारीने मात्र परिचयावरच भिस्त ठेवली. १९८२ सालच्या मार्चमध्ये नामको कंपनीच्या 'पॅक-मॅन'ची घरगुती आवृत्ती निघाली. तिची विक्री प्रचंड झाली व निराशाही तितकीच झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ई. टी.' या चित्रपटावरील खेळ निघाला. चित्रपटाचे हक्क मोठी रक्कम देऊन घेतलेले होते. नाताळचा मुहूर्त साधायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या रचनाकाराला खेळ तयार करण्यास सुमारे पाच आठवडे मिळाले. १९८३ साली अमेरिकेतील घरगुती खेळांचा बाजार कोसळला आणि न खपलेली कार्ट्रिजे न्यू मेक्सिकोतील अॅलमगोर्डो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरण्यात आली. २०१४ साली तेथे उत्खनन झाले तेव्हा 'ई. टी.'बरोबर इतर अनेक खेळांची कार्ट्रिजेही सापडली. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पतनाचे खापर एका खेळावर फोडता येत नाही. बाजार निकृष्ट अनुकरणांनी भरून गेला होता. आनंदवर्धनाच्या परिभाषेत बोलायचे, तर आत्मा नसलेल्या प्रतिबिंबांची गर्दी झाली होती.

३

नवे आणि परिचित यांच्या संबंधाचा सर्वांत बोधप्रद दाखला याच काळात क्योतोमध्ये घडला. निन्टेन्डो ही १८८९ साली स्थापन झालेली, हानाफुदा पत्ते तयार करणारी कंपनी. तिचा 'रडार स्कोप' हा आर्केड खेळ 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या वळणावर बेतलेला होता. अमेरिकेत तो चालला नाही आणि सुमारे २,००० यंत्रे पडून राहिली. त्या यंत्रांत बसवता येईल असा दुसरा खेळ रचण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकार-आरेखकाकडे आले. मूळ कल्पना 'पॉपाय' या सुप्रसिद्ध चित्रमालिकेतील पात्रे वापरण्याची होती. तेव्हा हक्क मिळू शकले नाहीत. मग खलाशाच्या जागी एक मिशीवाला सुतार, प्रतिस्पर्ध्याच्या जागी एक वानर आणि नायिकेच्या जागी दुसरी एक तरुणी आली. १९८१ साली 'डाँकी काँग' प्रसिद्ध झाला. त्यातला सुतार पुढे 'मारिओ' या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. पुढील चार दशकांत परिचिततेचे प्रतीक बनलेले पात्र हे मुळात परिचित पात्र न मिळाल्याने उद्भवलेली तडजोड होती. तथापि तिला केवळ योगायोग म्हणता येत नाही. नायिकेचे अपहरण, उंचावर बसलेला प्रतिस्पर्धी, खालून वर चढणारा नायक हा त्रिकोण 'पॉपाय'साठी कल्पिलेल्या आराखड्यातून उरला; पात्रे तेवढी बदलली. सांगाडा जुनाच, पण पात्रे परकी राहिली नाहीत म्हणून त्यांना स्वतःचे आयुष्य मिळाले.

साम्याचा प्रश्न लगोलग न्यायालयातही गेला. १९८२ साली युनिव्हर्सल या चित्रपटकंपनीने 'डाँकी काँग' हा 'किंग काँग'वरील आपल्या हक्कांचा भंग असल्याचा दावा निन्टेन्डोविरुद्ध दाखल केला. निन्टेन्डोचे वकील जॉन कर्बी यांच्या हाती एक निर्णायक गोष्ट होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास दुसऱ्या एका दाव्यात, 'किंग काँग'चे कथानक सार्वजनिक मालकीचे झाले आहे असा युक्तिवाद खुद्द युनिव्हर्सलनेच यशस्वीपणे केला होता. १९८३ साली निकाल निन्टेन्डोच्या बाजूने लागला व १९८४ साली अपिलातही तो कायम राहिला. वानराने तरुणीला उचलून उंचावर नेण्याची कथा कोणा एकाची नाही, या तत्त्वावर ज्या कंपनीची भरभराट सुरू झाली, तीच पुढे आपल्या पात्रांच्या हक्कांविषयी कमालीची दक्ष बनली. हा विरोधाभास या इतिहासाच्या मुळाशी आहे.

दुसरा दाखला १९८८ सालचा. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) च्या अफाट यशानंतर जपानमध्ये १९८६ साली त्याचा दुसरा भाग निघाला. तो पहिल्यासारखाच, पण अतिशय कठीण होता. अमेरिकेत तो चालणार नाही असे निन्टेन्डोच्या तेथील शाखेचे मत पडले. तेव्हा कंपनीने आपलाच 'युमे कोजो : दोकी दोकी पॅनिक' (१९८७) हा वेगळा खेळ घेतला. तो फुजी टेलिव्हिजनच्या एका महोत्सवाच्या प्रचारासाठी तयार झालेला होता. त्यातली मुख्य पात्रे काढून तेथे मारिओ व त्याचे सोबती घालण्यात आले, आणि १९८८ साली तोच अमेरिकेत 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून विकला गेला. या खेळात शत्रूच्या डोक्यावर उडी मारल्याने तो मरत नाही. जमिनीतून भाज्या उपटून त्या फेकाव्या लागतात. मारिओच्या खेळाचे मूळ व्याकरणच येथे मोडले होते, तरी अमेरिकन खेळाडूंनी तो मारिओ म्हणून स्वीकारला. त्यातले शत्रू पुढे मालिकेत कायमचे आले. राजकन्येचे हवेत तरंगणे हीदेखील या खेळाचीच देणगी.

म्हणजे जपानमधील 'खरा' दुसरा भाग प्रतिबिंबवत होता, आणि परक्या खेळावर नाव चिकटवून केलेल्या 'खोट्या' दुसऱ्या भागाने मालिकेत नवी भर घातली. परिचित नाव हे येथे नव्या आशयाचे वाहन झाले. अर्थात याची किंमतही होती. महोत्सवासाठी कल्पिलेले ते मूळ कुटुंब विस्मृतीत गेले. असाच प्रकार पुढे रेअर या इंग्लिश कंपनीच्या 'डायनोसॉर प्लॅनेट' या नव्या कल्पनेबाबत झाला. २००२ साली ती 'स्टार फॉक्स अॅडव्हेंचर्स' बनून बाजारात आली.

याच्या उलट दिशेचा प्रवासही घडतो. कॅपकॉममध्ये 'रेसिडेंट ईव्हिल'चा चौथा भाग म्हणून सुरू झालेले काम मूळ मालिकेपासून इतके दूर गेले, की २००१ साली ते 'डेव्हिल मे क्राय' या स्वतंत्र नावाने प्रसिद्ध झाले. युबिसॉफ्टचा 'असॅसिन्स क्रीड' (२००७) हा 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या पुढील भागातून उमलला. परंपरेच्या आत राहून, तिच्या बंधनांशी झगडताना परंपरेबाहेर पडणे ही साहित्येतिहासात नित्य दिसणारी घटना आहे.

४

मालिकेत राहूनही स्वतंत्र आत्मा लाभू शकतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे 'द लेजंड ऑफ झेल्डा : मजोराज मास्क' (२०००). त्याच्या आधीचा 'ऑकरिना ऑफ टाइम' (१९९८) हा निर्मितीला काही वर्षे लागलेला आणि सर्वमान्य ठरलेला खेळ. त्यातलीच दालने फिरवून एक फेरफार केलेली आवृत्ती काढावी, असे काम एइजी आओनुमा यांच्याकडे आले. त्यांना ते रुचले नाही. तेव्हा मियामोतो यांनी एका वर्षात नवा खेळ करून दाखवण्याचे आव्हान दिले. जुन्या खेळाची पात्रे, आकृत्या, यंत्रणा यांचा पुनर्वापर करणे अपरिहार्य ठरले. या टंचाईतून जी रचना निघाली तीत चंद्र पृथ्वीवर कोसळण्यास तीन दिवस उरलेले असतात, आणि खेळाडू तेच तीन दिवस पुन्हा पुन्हा जगतो. जुने चेहरे येथे नव्या नावांनी व नव्या दुःखांनी भेटतात. पुनरावृत्ती ही निर्मितीची अडचण होती. ती खेळाचा आशयच होऊन गेली. हे तिसऱ्या प्रकारचे, देहसाम्याचे उदाहरण होय. ज्याला आधीचा खेळ ठाऊक आहे, त्यालाच या परिचित चेहऱ्यांचे परकेपण पूर्णतः जाणवते. परिचय येथे आस्वादाची पूर्वअट ठरतो.

स्क्वेअर कंपनीच्या 'फायनल फँटसी' (१९८७ पासून) या मालिकेने वेगळा मार्ग धरला. प्रत्येक क्रमांकित भागाचे विश्व, पात्रे व कथा नवी; सातत्य राहते ते नावाचे, काही प्राण्यांचे, काही संगीताचे आणि एका विशिष्ट भव्यतेच्या अपेक्षेचे.

पुनरावृत्ती निष्प्राण कशी होते याचे प्रात्यक्षिक 'गिटार हीरो'च्या इतिहासात आहे. २००५ साली आलेल्या या खेळात प्लॅस्टिकची गिटार हाती घेऊन गाण्याच्या तालावर कळा दाबायच्या होत्या, आणि त्यात खरोखरीचे नावीन्य होते. अॅक्टिव्हिजनने २००६ साली ही मालिका ताब्यात घेतली. एकट्या २००९ सालात या नावाच्या कुळातले पाचाहून अधिक खेळ निघाले. २०११ सालच्या फेब्रुवारीत हा विभागच बंद करण्यात आला. एकेकाळी रचनाकारांच्या नावासाठी बंड करून उभी राहिलेली कंपनी तीस वर्षांत या ठिकाणी येऊन पोहोचली होती. परिचिततेची मिळकत काळजीपूर्वक वापरली तर टिकते, ओरबाडली तर संपते, एवढा व्यावहारिक धडा त्यातून निघाला. कर्त्याचे नाव जिथून पुसले जाते तिथून पुनरावृत्तीला आत्मा राहत नाही, हा धडा मात्र फारसा कोणी घेतला नाही.

या संदर्भात एक स्थानिक नोंद अप्रस्तुत ठरू नये. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांतून पुष्कळ मुलांना मारिओ भेटला तो निन्टेन्डोच्या अधिकृत यंत्रातून नव्हे. त्या यंत्राच्या स्वस्त नकला आणि शेकडो, कधी हजारो खेळ असल्याची जाहिरात करणारी कार्ट्रिजे बाजारात सहज मिळत. त्या कार्ट्रिजांत तेच मोजके खेळ किरकोळ फरकाने, नावे बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असत. प्रतिबिंबाचेही प्रतिबिंब असलेल्या या वस्तूंनी एका पिढीच्या स्मृतीत मारिओला स्थान दिले. कंपनीच्या हिशेबात ही पिढी नाही. मारिओच्या परिचयाच्या इतिहासात मात्र तिचा वाटा आहे.

५

गेल्या दोन दशकांत या प्रश्नाला खर्चाने वेगळे वळण दिले. सोनी कंपनीच्या 'द लास्ट ऑफ अस' मालिकेतील दुसऱ्या भागावर (२०२०) सुमारे २२ कोटी डॉलर आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'वर (२०२२) सुमारे २१ कोटी डॉलर खर्च झाल्याचे २०२३ साली अमेरिकेतील एका न्यायालयीन कामकाजातल्या कागदपत्रांतून उघड झाले. एवढे भांडवल गुंतल्यावर परिचित नाव हा एक प्रकारचा विमा ठरतो, हा युक्तिवाद नाकारता येत नाही.

नव्याला या व्यवस्थेत काय भोगावे लागते याचे उदाहरण कॅपकॉमच्या क्लोव्हर स्टुडिओने निर्माण केलेला 'ओकामी' (२००६). जपानी शाईचित्रांची शैली आणि दैवतकथा यांवर उभा असलेला हा खेळ समीक्षकांनी गौरवला. विक्री बेताची झाली. त्याच वर्षी स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यानंतर 'ओकामी' वेगवेगळ्या यंत्रांवर पुनःप्रकाशित होत राहिला, त्याचा वाचक हळूहळू वाढला, आणि २०२४ सालच्या डिसेंबरात मूळ दिग्दर्शक हिदेकी कामिया यांच्याच दिग्दर्शनाखाली त्याचा पुढचा भाग जाहीर झाला. नव्याला परिचित होण्यासाठी काळ लागतो; तिमाही हिशेबात तो काळ बसत नाही.

तथापि प्रत्येक नवे नाव म्हणजे नवता नव्हे. सोनीने २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये 'कॉन्कॉर्ड' हा पूर्णतः नवीन नावाचा, नवीन पात्रांचा खेळ आणला. दोन आठवड्यांत तो मागे घेण्यात आला, ग्राहकांचे पैसे परत करण्यात आले आणि ऑक्टोबरात तो करणारा स्टुडिओही बंद झाला. नवनिर्मिती परवडत नाही याचा पुरावा म्हणून या घटनेकडे बोट दाखवले गेले. पण नायकांच्या तुकड्यांनी परस्परांवर गोळीबार करण्याचा हा साचा 'ओव्हरवॉच' (२०१६) आदी खेळांनी आधीच रूढ केला होता. कायद्याच्या दृष्टीने नवी असलेली ही कृती काव्यशास्त्राच्या दृष्टीने आलेख्यवत, चित्रासारखी होती.

याच्या विरुद्ध टोकाला फ्रॉमसॉफ्टवेअर ही जपानी कंपनी आहे. हिदेताका मियाझाकी यांच्या 'डीमन्स सोल्स' (२००९) चे हक्क सोनीकडे होते. म्हणून त्याच वळणाचा पुढचा खेळ वेगळ्या प्रकाशकासाठी 'डार्क सोल्स' (२०११) या नव्या नावाने आला. आणि २०२२ साली 'एल्डन रिंग' हे आणखी एक नवे नाव. प्रकाशनानंतर तीन आठवड्यांच्या आत त्याच्या एक कोटी वीस लाख प्रती खपल्या. नावे तीन, मालक वेगळे. परंतु मृत्यूतून शिकत जाण्याचा रूपबंध एकच, आणि प्रत्येक कृतीला स्वतःचा आत्मा. ही मालिका आहे की नाही? हक्कांच्या नोंदवहीत ती एक मालिका नाही. आस्वादकाच्या अनुभवात ती निःसंशय आहे.

६

तेव्हा 'नवे की परिचित' हा प्रश्न ज्या स्वरूपात मांडला जातो त्या स्वरूपात तो मालमत्तेच्या भाषेतला प्रश्न आहे. 'फ्रँचाइझ' ही संज्ञाच व्यापारी परवान्याची आहे. आख्यानकाव्याच्या परंपरेत कथा परिचित असे, पण ती कोणाच्या मालकीची नसे. कोणताही कवी, कोणताही कीर्तनकार ती नव्याने सांगू शके, आणि सांगण्यातल्या फरकावरच त्याची परीक्षा होई. व्हिडिओ गेमच्या परिचित कथा कोट्यवधी लोकांच्या स्मृतीत वसल्या आहेत. त्यांचे पुनःकथन करण्याचा अधिकार मात्र एकाच धन्याला आहे. २०१६ साली 'मेट्रॉइड २' (१९९१) या खेळाची एका चाहत्याने अनेक वर्षे खपून केलेली, विनामूल्य दिलेली नवी रचना प्रसिद्ध होताच निन्टेन्डोच्या कायदेशीर कारवाईमुळे काढून टाकावी लागली; पुढच्याच वर्षी कंपनीची स्वतःची नवी आवृत्ती आली. दोन्ही रचना शेजारी ठेवून तुलना करणे हे समीक्षेचे स्वाभाविक काम. येथे त्यांपैकी एकीचे अस्तित्वच अनधिकृत ठरले.

मालकीची ही कक्षा पात्रांपुरतीही राहिलेली नाही. 'मिडल-अर्थ : शॅडो ऑफ मॉर्डर' (२०१४) मध्ये खेळाडूला हरवणारा शत्रू ती भेट लक्षात ठेवतो आणि बढती मिळवून पुन्हा समोर येतो. या अत्यंत कल्पक रचनातंत्रावर वॉर्नर ब्रदर्सला २०२१ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. २०२५ सालच्या फेब्रुवारीत ते घडवणारा मोनोलिथ हा स्टुडिओ बंद करण्यात आला. रचनाकार पांगले, तंत्र मात्र मालकाच्या कुलपात राहिले. एखाद्या अलंकारावर वा वृत्तावर एकाच घराण्याचा हक्क असता तर मराठी पंडितकाव्याचे काय झाले असते, असा प्रश्न विचारून पाहिला म्हणजे या घटनेचे गांभीर्य ध्यानात येईल.

दुसरीकडे, ज्यांचा पुढचा भाग निघत नाही त्या खेळांचे काय होते? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार तेथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. मालिकेत स्थान मिळवणारे खेळ नव्या आवृत्त्यांच्या रूपाने टिकतात; बाकीचे वाचनातून उठलेल्या पोथ्यांसारखे नाहीसे होतात. परिचिताचे अर्थकारण म्हणजे अशा रीतीने विस्मृतीचेही अर्थकारण होय.

संस्कृती-उद्योगाच्या चिकित्सेने पुनरावृत्तीला दोषी धरले आणि एको यांच्या विवेचनाने तिची प्रतिष्ठा राखली. प्रस्तुत इतिहास असे सुचवतो, की दोष वा गुण पुनरावृत्तीच्या ठायी नाही. मारिओ घडला तो एक हक्क नाकारला गेल्यामुळे, आणि टिकला तो दुसरा दावा फेटाळला गेल्यामुळे. कथा सांगाड्याच्या रूपाने मोकळी होती म्हणून पात्रे नवी होऊ शकली. आज तो मोकळेपणा आक्रसत चालला असेल, तर कंपन्यांनी अधिक धाडस दाखवावे एवढी मागणी पुरेशी ठरणार नाही. कोणत्या साम्याला प्रतिबिंब म्हणावे आणि कोणत्या साम्यात स्वतंत्र आत्मा आहे, हा निर्णय विक्रीचे आकडे किंवा पेटंटची कार्यालये करू शकत नाहीत. तो समीक्षेने करावयाचा आहे. त्यासाठी मूळ कृती उपलब्ध असणे आणि तिचे पुनःकथन करण्याची मुभा असणे, या दोन गोष्टींचा आग्रह समीक्षेलाच धरावा लागेल.